आडवे टेबल

"ताई, एक विषय होता," फोनमधून कप्तान म्हणाला.

मी समोर बसून मटार सोलत होतो. फोन टेबलावर उताणा ठेवलेला, आवाज मोठा केलेला, कारण माझ्या बायकोला डाव्या कानाने जरा कमी ऐकू येते. ती चष्मा पुसत होती. पुसून झालेला चष्माच ती पुन्हा पुसत होती.

"तुझा विषय तीन आठवडे होतोय रे," ती म्हणाली. "गेल्या वेळी उकाड्यावर बोललास, त्याआधी माझ्या गुडघ्यावर. आज तरी मुद्द्यावर ये."

"गुडघा कसा आहे आता?"

"कप्तान."

"बरं, बरं. आपली राखण आहे ना, ती यापुढे सक्तीची ठेवू नये, ऐच्छिक करावी, असं सगळ्यांचं चाललंय. मी काही ठरवलेलं नाही हां. तुम्ही नको म्हणालात तर विषय इथेच संपला."

"ऐच्छिक," ती म्हणाली. एखादी नवी गोळी जिभेवर ठेवून चव बघावी तसा तिने तो शब्द उच्चारला. "कर की. खरं तर गेल्या वर्षीच करायला हवं होतंस."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागवायला वेळ कुठाय? अर्धी टोपली मटार राहिलेत. मास्तर एकटे किती सोलणार?"

"भाऊजी तिथंच आहेत का? भाऊजी, ऐकलंत ना, त्या रागावल्या नाहीत."

"ऐकलं," मी म्हणालो.

फोन बंद झाला. ती उठली, मटारांकडे न येता खिडकीपाशी गेली आणि कुंड्यांना पाणी घालू लागली. कुंड्यांना सकाळी मी पाणी घातले होते, आणि तेव्हा ती शेजारीच उभी होती.

हे सगळे प्रकरण काय आहे ते मला नीट समजायला बारा वर्षे लागली. म्हणून ते सावकाश सांगतो. मी आयुष्यभर पहिली ते चौथीची मुले शिकवली. त्यामुळे एखादी गोष्ट सोपी करून सांगता आली नाही, तर ती आपल्यालाच कळलेली नाही असे समजायची मला सवय आहे.

संगणकावर आपण एखादी वेबसाइट उघडतो, तिची पाने बघतो. ही पाने बनवणारा माणूस प्रत्येक वेळी विटेपासून सुरुवात करत नाही. त्याला एक तयार सांगाडा मिळतो. जाणकार त्याला फ्रेमवर्क म्हणतात, आमच्या घरात त्याला चौकट म्हणतात. अशा अनेक चौकटी जगात आहेत. त्यातली एक कप्तानाची. तो कॉलेजात असताना त्याने ती लिहिली आणि सर्वांना फुकट वापरायला दिली. आता चाळीसेक माणसे वेगवेगळ्या गावांतून, आपापल्या नोकऱ्या सांभाळून, ती दुरुस्त करत असतात. त्यांतली बरीचशी एकमेकांना भेटलेलीही नाहीत. कप्तान आमच्या घरी दोनदाच आला आहे आणि दोन्ही वेळा छत्री विसरून गेला आहे.

चौकटीत सगळेच भाग एकाने लिहिलेले नसतात. काही कामांसाठी दुसऱ्याने लिहून ठेवलेले तयार भाग घेतात. अशा भागाला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा संबंध नाही, हे समजण्यातच माझी पहिली दोन वर्षे गेली. माझ्या बायकोने लिहिलेली लायब्ररी म्हणजे राखण. काम एकच. एखादे पान सर्वांसाठी नसेल, तर त्या पानाच्या डोक्यावर 'राखा' असा एक शब्द लिहायचा. मग कोणी ते पान मागितले की राखण आधी विचारते: तू कोण, आणि तूच तो कशावरून? ओळख पटली की पान उघडते, नाहीतर नाही.

चौदा वर्षे जो कोणी चौकट घेई त्याच्याबरोबर राखण आपोआप जाई. मागावी लागत नसे. आणि अडचण तीच होती. कोणाला नुसते बसचे वेळापत्रक लावायचे असते, कोणाला हवामान. तिथे कोणाला काय विचारायचे? पण राखण यायचीच, आणि येताना आपले सामान घेऊन यायची. ओळख पटवायला जे गुप्त गणित लागते त्याचे चार जड भाग तिच्यासोबत असत. जुन्या किंवा लहान संगणकावर ते भाग जागेवर घडवावे लागत. माझा लॅपटॉप तेरा वर्षांचा. मला मुलांसाठी अंकांच्या कोड्यांचे एक पान करायचे होते, म्हणून मी चौकट बसवायला घ्यायचो. राखणेपाशी आले की लॅपटॉप दीड तास धडधडे, आणि दहातल्या सात वेळा शेवटी लाल अक्षरे येत.

"तुझ्या कुलपापायी माझं दप्तर उघडत नाही," मी म्हणायचो.

"नवं दप्तर घ्या," ती म्हणायची.

दुसरी अडचण तिची स्वतःची होती. राखणेत कुठे बारीकशी फट निघाली, की ती बुजेपर्यंत आख्खी चौकट थांबे. बुजवणारी ही एकटी. भाचीच्या लग्नात ही गाद्यांच्या ढिगावर लॅपटॉप घेऊन बसलेली मी पाहिली आहे. दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडे असताना हिचा फोन वाजला आहे. ताटावरून तर किती वेळा उठली त्याची गणतीच नाही. तक्रार मी केली, तिने कधी केली नाही.

ती संगणकाचे काही शिकलेली नव्हती. एका मोठ्या इस्पितळाच्या दफ्तरखान्यात कारकून होती, एकतीस वर्षे. आजाऱ्यांचे कागद लावायचे, मागितले की काढून द्यायचे, परत आले की जागच्या जागी ठेवायचे. कागद संगणकात गेले तेव्हा तिने तो शिकून घेतला आणि कोणता कागद कोणी बघावा याचा बंदोबस्त स्वतः लिहिला. त्याचीच पुढे राखण झाली. साहेबांची परवानगी घेऊन तिने ती एका अनोळखी कॉलेजच्या पोराला देऊन टाकली. तोच हा कप्तान.

बदल करण्याचे काम एका नव्या मुलीकडे आले. मुलगी म्हणजे चोवीस वर्षांची, नोकरीत नुकतीच लागलेली. सगळे तिला चिमणी म्हणत. या लोकांचा एक चर्चेचा फलक असतो, त्यावर जे लिहाल ते जगाला दिसते. चिमणीने तिथे लिहिले, 'राखण ऐच्छिक करण्याचं काम मी घेते आहे. राखण मॅडमचे आधी आभार.' त्याखाली माणसे लिहू लागली. एका शाळेने लिहिले की मुलांचे निकाल नऊ वर्षे राखणेमागे आहेत. एका वाचनालयाने लिहिले. एका डॉक्टरीणबाईंनी नुसतेच लिहिले, 'आमचे रुग्ण तुम्हाला ओळखत नाहीत, हेच तुमचं यश.' ते बायकोने मला दोनदा वाचायला लावले.

त्यातच एकाने लिहिले होते, 'ताईंचा जीव अडकलेला आहे, त्यांचा विरोध असणारच. पण भावनेपायी जुनं ओझं किती दिवस वाहायचं?'

"मी कुठे विरोध केला?" ती म्हणाली.

"तसं लिही मग."

"लिहिलं की तोच विरोध दिसेल." तिने लॅपटॉप मिटला. "जाऊ दे. काम होऊ दे. आपण बाजूला."

आणि ती खरोखर बाजूला राहिली. चिमणीचे काम पुरे झाले, चाळीस जणांनी बघितले, चाचण्या पार पडल्या. नवी आवृत्ती गुरुवारी निघणार होती. मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर बायकोने पाटी काढली.

पाटी म्हणजे एक काळा, जाडजूड, कोपरे झिजलेला लॅपटॉप. हे नाव माझे, पुढे त्या चाळीस जणांतही रुळलेले. प्रत्येक आवृत्तीच्या आधी ती त्यावरचे सगळे पुसून टाकते, अगदी कोरा करते. मग संगणकातले ओ की ठो न कळणाऱ्या माणसासारखी चौकटीची माहिती-पुस्तिका उघडून, एकेक ओळ वाचत, लिहिले आहे तेवढेच करत जाते. लिहिलेले नाही ते करायचे नाही, ठाऊक असले तरी. बाकीच्यांना ही सवय हास्यास्पद वाटे. कप्तान म्हणायचा, ताई दर तीन महिन्यांनी नव्याने जन्म घेतात.

"आज तुझं काय काम आहे त्यात?" मी विचारले. "राखण तर निघाली."

"सवय," ती म्हणाली.

मी वर्तमानपत्र घेऊन बसलो. तिच्या बोटांचा टकटकाट चालू होता. थोड्या वेळाने तो थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, तेव्हा मी मान वर केली. ती खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे बघत होती.

"अहो, जरा या."

मी गेलो.

"काय दिसतंय?"

पुस्तिकेत शिकण्यासाठी दिलेली एक खोटी वेबसाइट होती, लहानशा दवाखान्याची. पडद्यावर तिची यादी होती. रुग्ण एक, ताप. रुग्ण दोन, मधुमेह. रुग्ण तीन, आणखी काही.

"यादी दिसतेय."

"तुम्हाला कोणी विचारलं, तुम्ही कोण म्हणून?"

"नाही."

"या पानाच्या डोक्यावर 'राखा' लिहिलंय. मी स्वतः लिहिलंय, पुस्तिकेत सांगितलंय तसं."

मला समजायला दोन क्षण लागले. मी खुर्ची ओढून बसलो.

तिने समजावून सांगितले. चिमणीचा हेतू चांगला होता. ज्याला राखण नको त्याला लाल अक्षरे दिसू नयेत, म्हणून तिने लिहिले होते: राखण सापडली तर तिला बोलाव, नाही सापडली तर कुरकूर न करता पुढे जा. पण 'पुढे जा' हे ज्या पानांवर 'राखा' लिहिले आहे त्यांनाही लागू पडत होते. कोऱ्या पाटीवर राखण आलेलीच नव्हती; विचारणारा जागेवर नाही, म्हणून कोणीच विचारत नव्हते. दार सताड उघडे होते.

"पण चाळीस माणसांनी बघितलं ना?"

"त्या चाळीसांच्या संगणकावर राखण वर्षानुवर्षं बसलेली आहे. त्यांना सापडते. त्यांच्याकडे दार विचारतं."

"आणि चाचण्या?"

"दोनशे बारा हिरव्या. एक पिवळी." तिने बोट ठेवले. "पिवळी म्हणजे वगळली. राखण नसेल तर ही चाचणी घेऊ नका, असं लिहून ठेवलंय. जी घ्यायची तीच वगळली. पिवळ्याकडे कोण बघतो?"

गुरुवारी ही आवृत्ती निघाली असती. ती शाळा, ते वाचनालय, त्या डॉक्टरीणबाई, यांच्यापैकी कोणीतरी नवा संगणक आणून त्यावर नवी चौकट बसवली असती. राखण आता आपोआप येत नाही, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आले नसते. सगळे जिथल्या तिथे दिसले असते, फक्त कोणीही आत जाऊ शकला असता.

"कप्तानाला फोन लाव," मी म्हणालो.

तिने फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसली.

"काय गं?"

"काही नाही. लोक म्हणतील, बघा, निघता निघता पाय आडवा घातलाच म्हातारीने." ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. "चौदा वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं हो. नीट निरोप घेऊन जायचं होतं मला."

  मी आत जाऊन चहा टाकला. कप घेऊन आलो तेव्हा ती फोनवर बोलत होती, पण कप्तानाशी नाही.

"चिमणी का? मी राखणवाली बोलतेय. बस आधी. बसलीस? तुझ्याकडे एखादा जुना संगणक आहे का घरात, कोणी वापरत नाही असा?"

मी खुणेने विचारले, कप्तान? तिने फोनवर हात ठेवला. "काम तिचं आहे. चूक तिने सांगितली तर ती तिची शिकवण होते. मी सांगितली तर ती तिच्या नावावर चिकटते."

पाऊण तासाने मुलीचा फोन आला. भावाचा जुना संगणक पुसून तिने सगळे करून पाहिले होते. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मॅडम, उघडं आहे. सगळं उघडं आहे."

"हं."

"मी सगळ्यांसमोर हसं करून घेतलं असतं. हसं कसलं, लोकांचं... मॅडम, मी हे काम सोडते. तुम्हीच करा. मी या कामाची नाही."

"रडून झालं की सांग, मी थांबते."

"रडत नाहीये."

"मग नाक कशाला ओढतेस?" ती म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांत तिने कोणाला सांगितलेली मी ऐकली नव्हती ती गोष्ट तिने त्या न पाहिलेल्या मुलीला सांगितली.

"मी तुझ्याएवढीच होते. दफ्तरखान्याचं कुलूप बिघडलं. कुलूपवाला म्हणाला, इथे होणार नाही, दुकानात न्यावं लागेल. काढून घेऊन गेला. दार मी ओढून घेतलं. बाहेरून बघशील तर रोजच्यासारखं बंद. सगळ्या इस्पितळाला ठाऊक, ते दार कुलपात असतं. ते कुलपात नाही हे ठाऊक एकट्या मला. मी म्हटलं, कोण ढकलून बघतंय? आणि जेवायला गेले."

तिने चहाचा एक घोट घेतला.

"एकाने ढकललं. त्याच्या नात्यातल्या एका बाईचा कागद होता आत. तिने घरी न सांगता उपचार चालवले होते. त्याने कागद वाचला, घरी जाऊन सांगितलं. ती बाई परत औषधाला आली नाही. तिचा कागद मी पुढे सव्वीस वर्षं जागच्या जागी लावत होते, कधी तरी येईल म्हणून."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी मी माझं टेबल ओढलं आणि दारात आडवं टाकलं. खुर्ची त्याच्यामागे. कुलूप अकरा दिवसांनी आलं. अकरा दिवस मी तिथून हलले नाही, डबासुद्धा तिथेच खाल्ला. मोठे डॉक्टर म्हणाले, हा काय तमाशा? मी म्हटलं, कुलूप येईपर्यंत हे असंच राहील. ज्याला कागद हवा त्याने मला मागावा."

 मग ती मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे राखण नसेल, आणि पान राखायचं असेल, तर पुढे जायचंच नाही."

"बरोबर."

"चौकट सुरूच होऊ द्यायची नाही."

"बघ, येतं की तुला. लिही आता. मी फोन धरून आहे."

संध्याकाळ होईपर्यंत त्या दोघी फोनवर होत्या. मी दिवा लावला, चहा दोनदा गरम केला. बायकोने एक ओळ सांगितली नाही. नुसती विचारत होती. असं केलंस तर काय होईल? आणि ते पान राखायचं नसेल तर? पिवळीचं काय करणार? मला माझा चौथीचा वर्ग आठवत होता. उत्तर ओठांवर असताना गिळून बसायला किती जोर लागतो, ते ज्याने केले त्यालाच कळते.

शेवटी अडले ते एका वाक्यापाशी. चौकट थांबली की पडद्यावर काय दिसावे? चिमणीने लिहिले होते: 'त्रुटी ४१. आवश्यक घटक अनुपलब्ध.'

"हे कोणाला कळणार?" बायको म्हणाली. "सकाळी आठ वाजता दवाखाना उघडायच्या घाईत असलेल्या एका कारकुनाला सांग. माझ्यासारखीला."

मुलीने पुन्हा लिहिले: 'तुम्ही राखण बसवायला विसरलात.'

"मास्तर, इकडे या. वाक्य बघा."

मी वाचले. "विसरलात नको," मी म्हणालो. "मूल चुकलं की विसरलास म्हणू नये. काय झालंय आणि आता काय करायचं, तेवढं सांगावं. आणि आपण त्याच्यासाठी थांबलोय, हेही सांगावं."

"ऐकलंस?" ती फोनमध्ये म्हणाली. "हे तीस वर्षं पगार घेत होते याचा."

बुधवारी सकाळी चिमणीने फलकावर स्वतः लिहिले. चूक काय झाली, कशी लपली, कोणाचे काय उघडे पडले असते, सगळे सरळ लिहिले. शेवटी लिहिले, 'ही चूक मला राखण मॅडमनी दाखवली. माझं नाव घालू नकोस असं त्यांनी सांगितलं होतं. एवढं एक त्यांचं ऐकलं नाही.'

तासाभरात कप्तानाचा फोन आला.

"ताई, गुरुवार रद्द. सोमवारी काढू."

"माझ्यामुळे खोळंबा झाला."

"तुमच्यामुळे वाचलो," तो म्हणाला. "ताई, मी एकोणीस वर्षांचा होतो. अनोळखी मुलाला तुम्ही सगळं लिहिलेलं देऊन टाकलंत. मी कधी नीट आभारसुद्धा मानले नाहीत."

"छत्र्या ठेवल्यास की दोन. आम्ही त्याच वापरतो."

ज्याने विरोधाचे लिहिले होते, त्याने दुपारी फलकावर एकच ओळ टाकली: 'माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. पाटी कशी करायची, कोणी सांगेल का?' त्याखाली आणखी नऊ जणांनी हात वर केले. बायकोने बसून दहाही जणांना, पुसायचे कसे, कुठून सुरुवात करायची, आपल्याला काही येत नाही असे कसे समजायचे, हे सविस्तर लिहून पाठवले. त्या रात्री ती लवकर झोपली आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी आवृत्ती निघाली. बदलांच्या यादीत तिसरी ओळ होती: 'राखण आता ऐच्छिक आहे. ज्याला हवी, त्याने मागून घ्यावी.' त्यापुढे काही नाही. मला वाटले होते दोन शब्द कौतुकाचे असतील. ती म्हणाली, अशा यादीत कौतुक लिहीत नसतात, आणि ती ओळ तिने पुन्हा वाचली.

दुपारी मी माझा तेरा वर्षांचा लॅपटॉप काढला आणि त्यावर नवी चौकट बसवायला घेतली. धडधड झाली नाही, लाल अक्षरे आली नाहीत. चार मिनिटांत बसली. मी पहिले कोडे टाकले: एका पेटीत नऊ चेंडू आहेत, त्यातला एक जड आहे. पान उघडले. मी कोण, हे त्याने विचारले नाही.

"चाललं की," ती मागून म्हणाली. "किती हलकं झालं बघा."

"हो."

तिने खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. मटारांची टोपली टेबलावर होती, ती घेऊन समोर बसली.

मी दुसरे पान केले, उत्तरांचे. मुलांनी आधी डोके चालवावे आणि मगच उत्तर बघावे, ही माझी जुनी खोड. म्हणून त्या पानाच्या डोक्यावर मी 'राखा' लिहिले आणि चौकट पुन्हा सुरू केली.

ती सुरू झाली नाही. पडद्यावर काळ्या अक्षरांत एक वाक्य आले.

"काय म्हणतंय?" तिने मान वर न करता विचारले.

मी वाचून दाखवले. "एक पान राखायला सांगितलं आहे, पण राखणारी अजून आलेली नाही. तिला बोलवा, तोपर्यंत मी दार धरून उभी आहे."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "शेवटचं चिमणीनं घातलंय," ती म्हणाली. "माझं नाही ते."

मी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, राखणेचे नाव टाइप केले. ती पुढे वाकली नाही, कुठली कळ ते सांगितले नाही. मी शेवटची कळ दाबली आणि लॅपटॉप धडधडू लागला.

"अहो, दीड तास लागेल. आणि शेवटी लाल अक्षरं येतील कदाचित."

"येऊ देत. आली तर परत बसवीन."

"उत्तरांचं पान काय, कागदावर लिहून दिलंत तरी चालेल मुलांना."

"मला हवी आहे," मी म्हणालो.

 टोपली तिने आम्हा दोघांच्या मध्ये सरकवली. पडद्यावर ओळी एकामागून एक वर सरकत होत्या आणि दर चार-पाच ओळींनंतर एकदा राखणेचे नाव येऊन जात होते. आम्ही मटार सोलत बसलो.